चंद्री पेशींची मालकीण

"आई, माझे कान का टोचले नाहीत?"

शिवलीलानं हा प्रश्न घरात, हळूच, भाजी निवडता निवडता विचारला असता तर काही बिघडलं नसतं. पण तिनं तो विचारला दूधकट्ट्यावर, ऐन संध्याकाळच्या गर्दीत, हातात ग्लास घेऊन उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांच्या देखत. पैजच तशी होती.

झालं होतं असं, की स्नेहसंमेलनाच्या तालमीत सगळ्या पोरींच्या कानांत झुमके झुलत होते आणि शिवलीलाचे झुमके डिंकानं चिकटवलेले होते. नाच रंगात आला की ते गळून पडायचे. तनुष्का म्हणाली, "अख्ख्या कोल्हापुरात बिनटोचल्या कानांची पोरगी तू एकटीच असशील. लोक पाळण्यातच टोचून टाकतात." मिसबाहनं वर फोडणी दिली, "ही काय विचारायची नाही घरी. आईला टरकते." झालं! शिवलीला घुगरे, नववी ब, गेल्याच महिन्यात वादविवाद स्पर्धेत साताऱ्याच्या पोराची बोलती बंद करून ढाल घेऊन आलेली. ती टरकते?

"कट्ट्यावर विचारीन," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर. या बघायला."

त्या दोघी खरंच आल्या होत्या. समोरच्या टपरीआड उभ्या राहून तोंडावर हात दाबून हसत होत्या.

आता कोल्हापूरचा दूधकट्टा म्हणजे काय, तर रस्त्याकडेला चार म्हशी बांधलेल्या, गवळी तिथंच धार काढतोय आणि फेसाळ दुधाचा ग्लास गिऱ्हाइकाच्या हातात. बाकी शहरांत यंत्रं दूध काढत होती, ड्रोन दारात पिशवी ठेवून जात होते. कोल्हापूरकर मात्र अजून धार डोळ्यांनी बघितल्याशिवाय ग्लास तोंडाला लावत नव्हता.

सुगंधाबाई किटलीतून ग्लास भरत होत्या. लेकीचा प्रश्न ऐकला आणि हात थांबायचं विसरला. ग्लास भरला, वाहिला, फेस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला.

"वहिनी, पोरगी बरोबर बोलायलीय की!" एक गिऱ्हाईक हसत म्हणालं. "टोचा आता. सोन्याची फुलं आमच्याकडनं लागू देत."

दर वर्षी या प्रश्नाला आईकडे नवं उत्तर असायचं. सोनारकाका गावाला गेलेत. यंदा अधिक महिना आहे. कानाच्या पाळ्या कोवळ्या आहेत अजून. शिवलीला तयारीत होती, यंदा कुठलं येतंय बघू. पण आईनं किटली खाली ठेवली, पदरानं हात पुसला आणि घराकडे चालायला लागली.

आप्पांनी धार काढता काढताच मान वर न करता म्हटलं, "शिवू, तूबी जा घरी. आलोच मी."

टपरीआडचं हसू बंद झालं होतं.

घरी आई देवघरासमोर बसली होती. आप्पा आले, हातपाय धुतले आणि भिंतीला टेकून बसले. बसवराज घुगरे एरवी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलणारा माणूस. आज मात्र येतानाच त्यांनी दार लोटून घेतलं होतं.

"सांगूया आता," ते आईला म्हणाले. "तसंबी डॉक्टरीणबाई परत बोलवायल्यात. पोरगीची सही लागणाराय."

"कुठली डॉक्टरीणबाई? कसली सही?" शिवलीलानं विचारलं.

आईनं देवाकडे बघतच सांगायला सुरुवात केली. "तू चार वर्षांची होतीस. अंघोळ घालताना पोटाच्या डाव्या बाजूला माझ्या हाताला काहीतरी लागलं. लिंबाएवढं. आधी वाटलं, पोटात खडा धरलाय. मग तपासण्या केल्या." ती थांबली. पुढचा शब्द तिनं इतक्या हळू उच्चारला की जणू भिंतीपलीकडे कुणी कान लावून बसलंय. "कॅन्सर."

शिवलीला ताठ बसली.

"मला?"

"तुला. लहान पोरांना होतो तो. दीड-दोन वर्षं आपण दवाखान्यातच होतो. गल्लीत सांगितलं, हुबळीला आत्याकडं गेलोय."

हुबळी! शिवलीलाच्या डोक्यात दिवे लागले. हुबळीच्या आत्याच्या घरी लिफ्ट होती आणि भिंतीवर हिरवा जिराफ होता असं तिला पक्कं आठवायचं. मागच्या वर्षी हुबळीला गेली, तर आत्याचं घर कौलारू आणि जिराफाचा पत्ता नाही. आत्या म्हणाली होती, "रंग दिला गं नंतर." आणि लिफ्ट? लिफ्टलाही रंग दिला?

"शेवटची सुई काढली त्या दिवशी मी महादेवापुढं बोलले," आई म्हणाली. "आता हिच्या अंगाला टोकदार म्हणून काही लागू देणार नाही. कान तर सोडच, तुझी नखंबी मी कात्रीनं न कापता घासून घ्यायची."

"पण लपवलं का?"

"का म्हणजे? पोरीच्या जातीला असलं काही झालेलं कळलं तर लोक काय म्हणतील? उद्या तुझं लग्न ठरवायचं झालं तर?"

आईबापांना वाटलं, पोरगी आता रडणार. आप्पांनी तर पाण्याचा तांब्या जवळ ओढून ठेवला. शिवलीला उठली, आरशासमोर गेली, स्वतःला वरपासून खालपर्यंत नीट बघितलं आणि गर्रकन वळली.

"म्हणजे मी कॅन्सरला हरवलं? चार वर्षांची असताना? आणि तुम्ही हे मला सांगितलंच नाही? मी ढाल मिळाली म्हणून गावभर नाचतेय आणि हे कुणाला माहीतच नाही! तुमच्या जागी मी असते तर पहिल्याच दिवशी पेपरात दिलं असतं!"

"हेच!" आईनं कपाळावर हात मारला. "ह्याचंच भ्या होतं मला."

डॉक्टर नंदिता उपळेकर बालकर्करोग केंद्राच्या दुसऱ्या मजल्यावर बसत. चार दिवसांनी तिघं तिथं गेली, तेव्हा त्यांनी शिवलीलाला बघितलं आणि खुर्चीतून उठून उभ्याच राहिल्या. "किती उंच झालीस! माझ्या कमरेला मिठी मारायचीस तू आणि माझा चष्मा पळवायचीस."

मग त्यांनी भिंतीवरचा पडदा चालू केला. त्यावर निळसर गोल ठिपके पोहत होते.

"आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात, त्या शरीराची राखण करतात," त्या म्हणाल्या. "बाहेरचा जंतू आला की ओळखतात आणि मारतात. कॅन्सरच्या गाठीला मात्र त्या ओळखत नाहीत, कारण ती आपल्याच पेशींपासून झालेली असते. घरातलाच कुणी चोर निघावा तसं. आम्ही काय केलं, तुझ्या राखणदार पेशी बाहेर काढल्या, त्यांना गाठीची खूण ओळखायला शिकवलं आणि तुझ्या अंगात परत सोडल्या."

"म्हशींना शिकवतो तसं," आप्पा म्हणाले. "पाडव्याच्या मिरवणुकीसाठी माझ्या गाडीचा हॉर्न ऐकून पळायला शिकवतो की. दुसऱ्याचा वाजू दे, मान वळवत न्हाईत."

"अगदी तसं. पण एक अडचण असते. बहुतेक मुलांच्या शिकवलेल्या पेशी थकतात, काही महिन्यांत संपतात. मग कधीकधी आजार परत येतो. तुझ्या पेशी संपल्याच नाहीत. वर्षं झाली, त्या अजून तुझ्या अंगात गस्त घालतायत. तू शाळेत झोपा काढतेस तेव्हासुद्धा."

"मी शाळेत झोपा काढत नाही," शिवलीला म्हणाली. पण तिचं लक्ष ठिपक्यांवर होतं. "ह्या माझ्या आहेत?"

"तुझ्या. शिकवलं आम्ही, पण लक्षात ठेवलं त्यांनी. आणि आता आम्हाला आणखी एक गोष्ट जमलीय. प्रत्येक माणसाच्या पेशींवर त्याची ओळखचिन्हं असतात, म्हणून एकाच्या पेशी दुसऱ्याचं शरीर हाकलून देतं. ही चिन्हं पुसता येतात. तुझ्या पेशींवरची पुसली, तर त्या दुसऱ्या मुलांना देता येतील. वाट न बघता, तयार औषधासारख्या. जपानसकट जगातल्या कितीतरी प्रयोगशाळा आज चंद्री पेशींवर काम करतायत."

"कुठल्या पेशींवर?"

डॉक्टरीणबाईंनी आप्पांकडे बघितलं. आप्पांनी खिडकीबाहेर.

"चंद्री," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पेशींना नाव द्यावं लागतं. खरं नाव नको असेल तर पालक दुसरं सुचवतात. तुझ्या वडिलांनी..."

"आप्पा," शिवलीला सावकाश म्हणाली, "चंद्री आपली म्हैस होती ना?"

"मला म्हणाले, पटकन एक नाव सांगा," आप्पांनी कान खाजवला. "त्या वेळी डोकं ठिकाणावर होतं का माझं? दुसरं नावच सुचंना. आणि लई गुणी म्हैस होती ती, शिवू. दोन्ही वेळा चरवी भरून दूध."

"जपानात माझ्या पेशींना म्हशीच्या नावानं ओळखतात?"

"जपान, जर्मनी, ब्राझील," डॉक्टरीणबाई गंभीरपणे म्हणाल्या आणि मग त्यांनाही राहवलं नाही. आई पदराआड हसली, आप्पा हसले, शिवलीला तर खुर्चीवरून घसरली. त्या खोलीत असं हसणं बऱ्याच दिवसांत झालं नसावं, कारण बाहेरून एक परिचारिका डोकावून गेली.

मग डॉक्टरीणबाईंनी पडदा बंद केला.

"साठवलेल्या पेशी संपत आल्यात. ताज्या हव्यात. तुझ्या एका हातातून रक्त यंत्रात जाईल, यंत्र पांढऱ्या पेशी वेचून घेईल, बाकीचं रक्त दुसऱ्या हातातून परत. दोन सुया, काही तास. पण त्याच्याआधी प्रश्न आहे तो पैशाचा. केंद्राचं अनुदान या वर्षाखेरीस संपतंय. एक परदेशी कंपनी सगळा खर्च उचलायला तयार आहे. त्यांची अट अशी, की चंद्री पेशींवर हक्क फक्त त्यांचा. बाकीच्यांनी काम थांबवायचं. शिवलीलाचं नाव कायम गुप्त राहील आणि तिची जन्मभराची तपासणी ते करतील."

"आणि इथली मुलं?" शिवलीलानं विचारलं.

"औषध बाजारात येईल तेव्हा ज्यांना परवडेल त्यांना मिळेल. दुसरा रस्ता असा. सरकार म्हणतंय, निम्मा वाटा लोकांनी उभा केला तर निम्मा आम्ही देऊ. मग पेशी सगळ्यांसाठी खुल्या. आम्ही आवाहन करून बघितलं. कुणी दिलं नाही."

"का?"

"तुझ्या फोनवर रोज किती आजारी मुलं येतात मदत मागायला?"

शिवलीलानं मोजायला घेतलं आणि सोडून दिलं. रोज यायची. टक्कल केलेली, डोळ्यांत पाणी आणून नाव घेऊन हाक मारणारी, 'शिवलीलाताई, मला वाचव ना' म्हणणारी. सगळी यंत्रानं बनवलेली. जगात कुठंच नसलेली पोरं. सुरुवातीला लोकांनी खूप पैसे दिले, फसले, आणि मग सगळ्यांनीच द्यायचं बंद केलं. ती स्वतः न बघता बोटानं सरकवून टाकायची.

"खोट्या चेहऱ्यांनी खऱ्या मुलांचं दार बंद केलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि माझ्याकडे दाखवायला काय आहे? एक म्हशीचं नाव आणि निळे ठिपके. लोक आता फक्त ओळखीच्या माणसावर विश्वास ठेवतात."

"कंपनीच बरी," आप्पा लगेच म्हणाले. "पोरगीचं नावबी झाकलेलं राहतंय आणि तब्येतीची काळजीबी मिटतीय. तुमचं कामबी होतंय."

आई हातातल्या बांगड्या मागेपुढे करत होती.

जाताना वॉर्डातून जावं लागायचं. दारातच शिवलीलाचे पाय थबकले. भिंतीवर हिरवा जिराफ होता. मान लांब करून छताकडे बघणारा, एक कान उडालेला. हुबळीचा जिराफ.

जिराफाखालच्या खाटेवर एक छोटीशी पोरगी बसली होती. डोक्यावर केस नाहीत, भुवया नाहीत, डोळे मात्र टपोरे. ती शिवलीलाला न्याहाळत होती. "ही तेजू," डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या. "शिरोळची. तुझाच आजार. तिच्या स्वतःच्या पेशी टिकल्या नाहीत."

"तू खरी हायस का?" तेजूनं थेट विचारलं.

"म्हणजे?"

"फोनमधली नव्हं ना? फोनमधल्या दीदीपण म्हणतात, मी बरी झाले, तूबी होशील. त्या खोट्या असतात. आई म्हणते."

"मी खरी आहे. मी ह्याच खाटेवर होते. तुझ्यासारखीच. चकोट."

तेजूनं शिवलीलाच्या जाड वेणीकडे संशयानं बघितलं. "हे केस तुझे?"

"ओढून बघ."

तेजूनं वेणी दोन्ही हातांनी धरली आणि असा हिसका दिला की शिवलीलाच्या डोळ्यांत पाणी आलं. "आई गं! अगं उपटतेस काय!"

"खरे हायेत!" तेजू ओरडली. "आई, खरे हायेत हिचे केस! ही खरी हाय!" शेजारच्या खाटांवरची मुलं उठून बसली. मग प्रत्येकाला वेणी ओढून बघायची होती. शिवलीला वॉर्डभर फिरली, एकेका खाटेजवळ वाकली. डोकं ठणकत होतं आणि छाती अशी फुगली होती की वादविवादाची ढाल त्यापुढं बशीएवढी वाटावी. तिचे केस! नुसते केस बघून पोरं अशी खुलतायत, तर पेशी मिळाल्यावर...

परत आली तेव्हा तिची आई तेजूच्या आईजवळ उभी होती.

"तुमच्या वेळी कुणाशी बोलायचा तुम्ही?" तेजूची आई विचारत होती. "मला सोबतच न्हाई कुणाची. गावात सांगितलंय, जयसिंगपूरला मावशीकडं हाय म्हणून. पोरीची जात. उद्या कुणी नावं ठेवली तर?"

सुगंधाबाईंनी तेजूच्या आईचा हात धरला, आणि आप्पा दोनदा "चला" म्हणाले तरी सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शिवलीलानं तनुष्काला आणि मिसबाहला सगळं सांगून टाकलं. तोंडातला घास तसाच ठेवून दोघी ऐकत राहिल्या.

"म्हणजे तू मेली असतीस?" मिसबाहनं शेवटी विचारलं.

"हो."

"आणि मेली नाहीस."

"दिसतेय का मेलेली?"

तनुष्का रडायलाच लागली. "मी तुला बिनटोचल्या कानांची म्हणाले गं..." मिसबाहनं तिला कोपर मारलं. "ए रडूबाई, थांब. शिवले, तुझ्या पेशी जपानात आहेत? खरंच? नाद खुळा! आपल्या शाळेतलं जपानात काहीतरी गेलंय म्हणजे!"

"कुणाला सांगू नका म्हणालेत आप्पा."

"मग तू आम्हाला का सांगितलंस?"

तेवढ्यात सुट्टी संपल्याची घंटा झाली. पण दिवसभर ती बघत राहिली. त्या दोघींनी डबा वेगळा केला नाही, पाण्याची बाटली पुसून घेतली नाही, तिच्या जवळ बसायला कचरल्या नाहीत. उलट निघताना मिसबाहनं विचारलं, "तुझ्या त्या तेजूला माझा खाऊचा डबा चालेल का गं? की डॉक्टर नाही म्हणतील?" खऱ्या पोरीसाठी द्यायला लोकांकडे होतं. खरी पोरगी कोण, तेवढं कळायला हवं होतं.

दिवाळी आली. पाडव्याला कोल्हापुरात म्हशींची मिरवणूक निघते. गवळ्याचा वर्षातला सगळ्यात मानाचा दिवस. म्हशी धुवायच्या, शिंगं रंगवायची, गळ्यात घुंगरं, शिंगांना मोरपिसं, पाठीवरचे केस कापून नक्षी आणि नावं काढायची. मग मालक गाडीवर पुढं आणि म्हैस मागं सुसाट. शेवटी चौकात स्टेज. तिथं ज्याची म्हैस देखणी त्याला फेटा आणि हातात माइक. गल्लीच नव्हे, अख्खं शहर रस्त्याच्या दुतर्फा उभं असतं, आणि प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो.

आदल्या दिवशी दुपारी आप्पा अंगणात राणी म्हशीची शिंगं रंगवत होते. राणी डोळे मिटून रवंथ करत होती. आई मोरपिसं दोऱ्यात ओवत होती. ओट्यावर कंपनीचे कागद ठेवलेले होते. पाडवा झाला की सह्या करायचं ठरलं होतं. आप्पांनी ठरवलं होतं.

"शिवू," आप्पा म्हणाले, "यंदा राणीच्या पाठीवर काय काढायचं गं? तुझं अक्षर चांगलं हाय."

शिवलीला ओट्यावरून उतरली. कागद तिनं उचलले, घडी घातली आणि आप्पांच्या खिशात घातले.

"हे परत द्या त्यांना. ह्याच्यावर मी सही करणार नाही."

"अगं पण..."

"माझं ऐकून घ्या आधी. वादविवादात मध्ये बोलत नाहीत." तिनं स्पर्धेतल्यासारखं एक बोट वर केलं. "आप्पा, तुम्ही मला झाकून ठेवलंत ते माझ्यासाठीच. मला राग नाही. पण तेजूच्या आईनंही तसंच झाकलंय. वॉर्डातल्या प्रत्येकीनं झाकलंय. सगळ्या कुठल्या ना कुठल्या मावशीकडं गेल्यात. म्हणून प्रत्येकीला वाटतं आपण एकट्याच. आणि लोकांना वाटतं असली पोरं फक्त फोनमध्ये असतात."

"उद्या लोक बोलतील," आप्पा म्हणाले. "पाठीमागं. आयुष्यभर."

"बोलू देत. खोटं थोडंच बोलणार आहेत?"

आप्पांनी आईकडे बघितलं. ही तरी काही म्हणेल. आईनं हातातलं मोरपीस खाली ठेवलं.

"मी महादेवाला बोलले होते ते माझ्या भ्यापोटी," ती म्हणाली. "पोरीसाठी नव्हं. माझं मी बघून घेते त्याच्याशी." मग लेकीकडे वळली. "सुई टोचताना मी बाहेर थांबणार न्हाई, एवढं लक्षात ठेव. आतच बसणार."

शिवलीलानं आईच्या गळ्यात उडी मारली, तशी राणीनं दचकून मान हलवली आणि आप्पांच्या सदऱ्यावर लाल रंगाचा फराटा उठला. ते तसेच उभे. हातात कुंचला, डोळ्यांत पाणी, आणि तोंडावर असं काहीतरी, जे शिवलीलानं फक्त त्यांची म्हैस पहिली आली की बघितलं होतं.

"मग पाठीवर काय लिहायचं, सांगशील का न्हाई?" त्यांनी विचारलं.

शिवलीलानं दोन पावलं मागे घेतली, कमरेवर हात ठेवले आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "माझं पूर्ण नाव लिहायचं. शिवलीला बसवराज घुगरे. खाली लिहायचं, कॅन्सरमधून बरी झालेली. उद्या राणीपुढं तुमच्या गाडीवर मी बसणार, स्टेजवर माइक मी घेणार आणि पेशी कुणाच्या आहेत, कुणासाठी आहेत आणि पैसे कुठं द्यायचे, ते सगळ्या कोल्हापूरला सांगणार. ज्याला शंका आहे त्यानं माझ्याशी समोर येऊन बोलावं. मिरवणूक काढणाऱ्या मंडळाच्या काकांकडं मी सकाळीच जाऊन आलेय. त्यांना सांगितलंय, घुगऱ्यांच्या घरातनं स्टेजवर तीन माणसं येणार आहेत."